शेवटची मॅच संपते आणि टीमच विरघळते : अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचे चाहते सीझनचा हिशोब कसा मांडतात?

तारीख ८ एप्रिल २०२३. शनिवारची रात्र. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीची फायनल सुरू होती. एका बाजूला मिनेसोटा युनिव्हर्सिटी. पाच वेळची चॅम्पियन, पण शेवटचं विजेतेपद २००३ सालचं. म्हणजे वीस वर्षं वाट बघून चाहते तिथपर्यंत आले होते. दुसऱ्या बाजूला कनेटिकटमधली क्विनिपियाक युनिव्हर्सिटी. त्याआधी २०१३ आणि २०१६ अशा दोन फायनल हरलेली आणि एकदाही विजेतेपद न मिळालेली.

मिनेसोटा २-० ने पुढे होती. क्विनिपियाकने एक गोल फेडला. मॅच संपायला तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता, तेव्हा त्यांनी आपला गोलकीपर बाहेर बोलावला आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू उतरवला. गोलजाळं मोकळं सोडून खेळलेला हा जुगार यशस्वी झाला आणि स्कोअर झाला २-२.

मग ओव्हरटाइम. जो पहिला गोल करेल तो चॅम्पियन. प्रेक्षक नीट बसायच्या आत, अवघ्या दहाव्या सेकंदाला क्विनिपियाकच्या जेकब क्विलनने गोल मारला. विषय संपला.

मिनेसोटाच्या चाहत्यांसाठी मात्र विषय तिथून सुरू झाला. पुढच्या एक-दोन दिवसांत त्यांचा कॅप्टन ब्रॉक फेबर याने मिनेसोटा वाइल्ड या व्यावसायिक क्लबशी करार केला आणि स्टार फॉरवर्ड मॅथ्यू नाइस टोरांटोकडे गेला. लोगन कूली हा तिसरा मोठा खेळाडू आधी परत येणार म्हणाला, पण जुलैमध्ये त्यानेही व्यावसायिक करार केला. हरलेल्या टीमला पुढच्या वर्षी बदला घ्यायची संधी असते असं आपण म्हणतो. पण इथे बदला घ्यायला तीच टीम उरलीच नव्हती.

कॉलेज हॉकीच्या चाहत्यांना दरवर्षी एप्रिलमध्ये नेमकं हेच पचवावं लागतं. म्हणूनच सीझन संपल्यावर ते कप मिळाला की नाही एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचा हिशोब वेगळा असतो. तो कसा, हे समजून घेऊ.

आधी हे सांगा, ही कुठली हॉकी?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान, ध्यानचंद आणि ऑलिंपिक आठवतं. अमेरिकेत आणि कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो आइस हॉकी. बर्फाचा रिंक, पायात स्केट्स, हातात स्टिक आणि चेंडूऐवजी ‘पक’ म्हणजे कडक रबराची चकती. गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. २० मिनिटांचा एक असे तीन भाग खेळले जातात.

या खेळाची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल. पण तिच्या खाली युनिव्हर्सिटीच्या टीम्सचं एक स्वतंत्र जग आहे. एनसीएए ही संस्था ते चालवते. सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांच्या साठहून अधिक टीम्स आहेत. त्यात हार्वर्ड, येल, कॉर्नेलसारखी जगाला माहीत असलेली नावं आहेत, तशीच आपल्या ओळखीची नसलेली छोट्या गावांतली कॉलेजंही आहेत. शिकायला अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलामुलींपैकी जे मिशिगन, बॉस्टन किंवा मिनेसोटाच्या बाजूला आहेत, त्यांनी हिवाळ्यातल्या शुक्रवारी रात्री एकाच रंगाच्या जर्सी घालून रिंककडे निघालेली गर्दी पाहिलेली असते. ती हीच.

सीझन चालतो कसा?

ऑक्टोबरमध्ये सुरुवात होते. मॅच मुख्यतः शुक्रवारी आणि शनिवारी होतात, आणि बऱ्याचदा दोन्ही रात्री तोच प्रतिस्पर्धी असतो. टीम्स सहा लीगमध्ये विभागलेल्या आहेत. मार्चमध्ये प्रत्येक लीगची आपली प्लेऑफ स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट मिळतं. उरलेल्या जागा वर्षभरातल्या निकालांच्या आकडेमोडीतून तयार झालेल्या क्रमवारीवरून भरल्या जातात.

राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा १९४८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाली. तेव्हा फक्त चार टीम्स होत्या आणि फायनलमध्ये मिशिगनने डार्टमथला ८-४ ने हरवलं होतं. २००३ पासून १६ टीम्स खेळतात. मार्चअखेर चार शहरांत चार-चार टीम्सचे गट भिडतात. त्यातून वर येणाऱ्या चौघांच्या अंतिम टप्प्याला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. तो एप्रिलमध्ये होतो. गुरुवारी सेमीफायनल, शनिवारी फायनल.

यात कुठेही ‘बेस्ट ऑफ सेव्हन’ नाही. एनएचएलमध्ये एक मॅच वाईट गेली तरी पुढच्या मॅचमध्ये भरपाई करता येते. इथे मॅच एकच, हरलात की घरी. त्यामुळे धक्कादायक निकाल या स्पर्धेला नवे नाहीत. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस या छोट्या कॉलेजने गटातल्या अव्वल मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये ४-३ ने हरवलं होतं. मिनेसोटाचे चाहते ते अजून विसरलेले नाहीत.

आता साधं गणित बघा. १६ टीम्स, १५ मॅच, १५ पराभूत. राष्ट्रीय स्पर्धेत पोचलेल्या १६ पैकी १५ टीम्सचा सीझन हरूनच संपतो. न पोचलेल्यांपैकीही बहुतेकांचा शेवट लीगच्या प्लेऑफमध्ये हरून होतो. म्हणजे ‘शेवटची मॅच जिंकली का?’ हीच कसोटी लावली, तर जवळपास प्रत्येक चाहत्याचं वर्ष वायाच गेलं म्हणावं लागेल. चाहत्यांनी दुसरी मोजपट्टी शोधली, त्याचं एक कारण हे.

टीम विरघळते म्हणजे काय होतं?

दुसरं कारण जास्त खोल आहे. आयपीएलमध्ये लिलावानंतर टीम बदलते, पण आवडता खेळाडू दुसऱ्या रंगाच्या जर्सीत का होईना, त्याच स्पर्धेत पुन्हा दिसतो. कॉलेज हॉकीत खेळाडू टीममधूनच नव्हे, तर बहुतेकदा त्या जगातूनच बाहेर जातो. जाण्याच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट पदवीची. चार वर्षं संपली की खेळायचा हक्क संपतो. म्हणून घरच्या रिंकवरच्या साखळीतल्या शेवटच्या मॅचला ‘सीनियर नाइट’ होते. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचे आईवडील बर्फावर येतात, एकेकाचं नाव पुकारलं जातं, फोटो काढले जातात. प्लेऑफ पुढे असतात, पण निरोपाची सुरुवात तिथेच झालेली असते.

दुसरी वाट एनएचएलची. तिथल्या क्लब्जनी अठरा वर्षांच्या मुलांना ड्राफ्टमध्ये निवडून ठेवलेलं असतं. मुलगा कॉलेजात खेळत राहतो आणि क्लब त्याच्यावरचा हक्क राखून ठेवतो. कॉलेजचा सीझन एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो. त्याच वेळी एनएचएलची साखळी शेवटाला आलेली असते आणि तिची प्लेऑफ तोंडावर असते. क्लबला ताजा खेळाडू लगेच हवा असतो. म्हणून कॉलेजची मॅच हरल्यावर दोन दिवसांत करार, अशी घाई होते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २०२२ ची मिशिगनची टीम. २०२१ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांपैकी चार खेळाडू या एका टीमचे होते. ओवेन पॉवर, मॅटी बेनियर्स, ल्यूक ह्यूज आणि केंट जॉन्सन. कागदावर तरी ही टीम कुणालाच ऐकली नसती. ७ एप्रिल २०२२ ला बॉस्टनमध्ये सेमीफायनल झाली आणि डेन्व्हरने त्यांना ओव्हरटाइममध्ये ३-२ ने हरवलं. काही दिवसांतच पॉवर बफेलोकडे, बेनियर्स सिएटलकडे आणि जॉन्सन कोलंबसकडे गेला. अशी टीम मिशिगनला एकच सीझन मिळाली, आणि मिशिगनचं शेवटचं विजेतेपद आजही १९९८ सालचंच आहे.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाणं. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून पहिल्या बदलासाठी ही अट गेली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला कितीही वेळा बदल करता येतो. ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाच्या ऑनलाइन यादीत खेळाडूने नाव टाकलं की बाकीची कॉलेजं त्याच्याशी बोलू शकतात. सीझन संपला की चाहते रोज सकाळी ही यादी बघतात. आज कुणाचं नाव आलं? गेल्या आठवड्यात ज्याच्या गोलवर आपण नाचलो, तो पुढच्या वर्षी आपल्याच विरुद्ध खेळणार का?

मग चाहते नेमकं प्रेम कशावर करतात?

खेळाडू दर चार वर्षांत पूर्ण बदलतात, कोचही कधी ना कधी जातो. टिकून राहतात ते रिंक, गॅलरी आणि तिथल्या सवयी. कॉलेज हॉकीत या सवयींना फार मोठी जागा आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा लायना रिंक आहे. १९५७ मध्ये सुरू झालेला, जेमतेम चार हजार प्रेक्षकांचा. इथल्या प्रेक्षकांना ‘लायना फेथफुल’ म्हणजे लायनाचे निष्ठावंत म्हणतात. पाहुण्या टीमच्या खेळाडूंची नावं पुकारायला लागली की विद्यार्थी चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात. अर्थ सरळ आहे, तुम्ही कोण आहात याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही. हार्वर्डविरुद्धच्या मॅचला तर बर्फावर मासे फेकायची परंपरा आहे.

कॉलेज हॉकीत जवळपास सगळीकडे ऐकू येणारी आणखी एक आरोळी आहे. आपल्या टीमने गोल केला की सगळी विद्यार्थी गॅलरी समोरच्या गोलकीपरकडे बोट दाखवून एका सुरात त्याला ‘चाळणी’ म्हणते. म्हणजे तुझ्यातून सगळं आरपार जातं! जोडीला कॉलेजचा बँड असतो. एनएचएलच्या चकचकीत स्टेडियममध्ये हा गावरान धिंगाणा मिळत नाही, असं कॉलेज हॉकीचे चाहते अभिमानाने सांगतात.

या सवयी एक बॅच दुसरीला शिकवते. आज पन्नाशीत असलेला माजी विद्यार्थी रिंकवर येतो तेव्हा बर्फावरचा एकही खेळाडू त्याच्या ओळखीचा नसतो, पण कधी काय ओरडायचं हे त्याला पाठ असतं. प्रेम असतं ते या सगळ्यावर. आणि दुःख होतं ते त्या वर्षीच्या पंचवीसेक मुलांसाठी. सीझनभर या दोन गोष्टी एकच वाटतात. एप्रिलमध्ये त्या वेगळ्या होतात.

हिशोबाच्या वह्या

सीझन संपल्यावर चाहते साधारण चार प्रश्न विचारतात. कट्टर प्रतिस्पर्ध्याला हरवलं का? एखादा कप घरी आला का? सीनियर मुलांचा निरोप मानाने झाला का? आणि पुढच्या वर्षी हातात काय उरलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बॉस्टनमध्ये फेब्रुवारीतच मिळतं. बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या शहरातल्या चार टीम्समध्ये ‘बीनपॉट’ नावाची स्पर्धा होते. १९५२ पासूनची. फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी सगळं शहर तिच्यात गुंतलेलं असतं. बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज तर कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू या एकाच रस्त्यावर, काही मैलांच्या अंतरावर आहेत. २०२५ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीने बॉस्टन कॉलेजला हरवून बीनपॉट जिंकला आणि एप्रिलमध्ये राष्ट्रीय फायनल गमावली. राष्ट्रीय पातळीवर ती उपविजेती टीम ठरली. पण शेजाऱ्याला हरवल्याचा आनंद फायनलच्या निकालाने पुसला जात नाही.

बाकीच्या तीन प्रश्नांसाठी कॉर्नेलचा २०२४-२५ चा सीझन बघा. कोच माइक शेफर यांनी आधीच जाहीर केलं होतं की हे आपलं शेवटचं वर्ष. ते स्वतः कॉर्नेलचे माजी खेळाडू आणि १९९५ पासून तिथले कोच. टीमला दुखापतींनी घेरलं, साखळीत कामगिरी बेताचीच राहिली. मग मार्चमध्ये गाडी रुळावर आली. लेक प्लॅसिडमध्ये क्लार्कसनला ३-१ ने हरवून त्यांनी लीगची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट मिळवलं. तिथे पहिल्याच मॅचला गटातल्या अव्वल मिशिगन स्टेटला ४-३ ने घरी पाठवलं. पुढच्या मॅचमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीने त्यांना ३-२ ने हरवलं, तेही ओव्हरटाइममध्ये. फ्रोझन फोर एका गोलने हुकलं.

निकालाच्या रकान्यात हा पराभव आहे. पण कॉर्नेलचा चाहता हा सीझन आठवताना आधी लेक प्लॅसिड सांगेल, मग मिशिगन स्टेट, आणि शेवटी तीस वर्षांनी निवृत्त होणारा कोच ओव्हरटाइमपर्यंत झुंजून गेला हे सांगेल. कॉर्नेलचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९७० सालचं आहे. त्या वर्षी टीम २९ मॅच खेळली आणि सगळ्या जिंकली. फक्त राष्ट्रीय कपच मोजायचा ठरवला असता, तर पन्नासहून जास्त वर्षं या चाहत्यांनी रिंकवर यायचं कारणच नव्हतं.

ज्या सीझनला शेवटच नव्हता

शेवटची मॅच हरणं वाईट, पण शेवटची मॅचच न होणं त्याहून वाईट. हेही कॉर्नेलच्याच वाट्याला आलं.

२०१९-२० मध्ये कॉर्नेलची टीम भन्नाट खेळत होती. २३ विजय, २ पराभव, ४ बरोबरी. देशातल्या मतचाचण्यांमध्ये पहिला क्रमांक. लीगची प्लेऑफ तोंडावर आली होती आणि घरच्या रिंकवर मॅच व्हायच्या होत्या. १२ मार्च २०२० ला एनसीएएने कोरोनामुळे उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. लीगच्या प्लेऑफही गुंडाळल्या गेल्या. विजय नाही, पराभवही नाही, सीझन नुसता थांबला.

पुढे आणखी कठीण झालं. कॉर्नेल, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा कॉलेजांच्या आयव्ही लीगने २०२०-२१ च्या हिवाळ्यातले सगळे खेळ बंद ठेवले. बाकीचे बरेच जण खेळले, एप्रिल २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटी सेंट क्लाउड स्टेटला ५-० ने हरवून चॅम्पियनही झाली. लायना रिंकवर मात्र त्या वर्षी एकही मॅच झाली नाही. एका बॅचचा सीझन अर्धवट राहिला आणि पुढच्या बॅचचं शेवटचं वर्ष सुरूच झालं नाही.

हरलेल्या टीमबद्दल बोलता येतं. कुठला गोल चुकला, कुणी जीव तोडून खेळलं, पंचांनी काय घोळ घातला. न झालेल्या मॅचबद्दल फक्त ‘झाली असती तर’ एवढंच म्हणता येतं. पराभवही एक प्रकारे निरोप पूर्ण करतो, हे २०२० ने चाहत्यांना दाखवून दिलं.

बहुतेकांसाठी ती खरोखर शेवटची मॅच असते

एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खेळाडू अमेरिकन कॉलेजांतून आलेले आहेत. आकडा मोठा वाटतो. पण उलट बाजूने बघितलं, तर कॉलेजात खेळणाऱ्या बहुतेक मुलांना एनएचएलचं दार उघडत नाही. काही जण खालच्या व्यावसायिक लीगमध्ये किंवा युरोपात खेळतात. बाकीचे नोकरीला लागतात. चार-पाच वर्षांचे असल्यापासून ज्याने स्केट्स बांधले, त्याच्यासाठी मार्चमधली एखादी रात्र ही प्रेक्षकांसमोर खेळायची शेवटची रात्र ठरते.

मुलींच्या बाबतीत हे अनेक वर्षं जास्त तीव्र होतं. त्यांची एनसीएए स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, पण कॉलेजनंतर स्थिर अशी व्यावसायिक लीगच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग खेळायला लागली तेव्हा चित्र बदललं. मार्च २०२५ च्या महिलांच्या फायनलमध्ये विस्कॉन्सिनची टीम ओहायो स्टेटविरुद्ध एका गोलने मागे होती आणि शेवटची वीस सेकंदंही उरली नव्हती. त्या क्षणी पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्सने तो मारला, बरोबरी झाली, आणि ओव्हरटाइममधला विजयी गोलही तिचाच. कॉलेजची जर्सी उतरवल्यावर पुढे कुठे खेळायचं, या प्रश्नाला आता निदान एक उत्तर आहे.

आणि कॉलेजनेच टीम बंद केली तर?

‘पुढच्या वर्षी बघू’ हा प्रत्येक चाहत्याचा आधार असतो. पण पुढचं वर्षच नसेल तर?

एप्रिल २०२१ मध्ये पिट्सबर्गला फ्रोझन फोर झालं. यजमान होती तिथलीच रॉबर्ट मॉरिस युनिव्हर्सिटी. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, मे महिन्यात, याच युनिव्हर्सिटीने आपल्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही हॉकी टीम्स बंद केल्याचं जाहीर केलं. खेळाडू आणि कोच यांच्या पायाखालची जमीन सरकली. बर्फाचा रिंक सांभाळणं, साहित्य, प्रवास, शिष्यवृत्त्या यामुळे हॉकी हा कॉलेजसाठी महाग खेळ आहे, त्यामुळे छोट्या कॉलेजांत ही टांगती तलवार कायम असते.

माजी खेळाडू, पालक आणि चाहते एकत्र आले. देणग्या गोळा झाल्या, युनिव्हर्सिटीशी बोलणी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टीम्स परत सुरू करायचं ठरलं. २०२३-२४ मध्ये दोन्ही टीम्स पुन्हा बर्फावर उतरल्या. अलास्कातल्या अँकरेज इथल्या टीमचंही असंच. तिला वाचायचं तर तीस लाख डॉलर जमवा, अशी अट होती. समर्थकांनी २०२१ मध्ये ते जमवले आणि २०२२-२३ मध्ये टीम परतली. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. अलाबामातल्या हंट्सव्हिलची टीम २०२१ मध्ये थांबली.

तीस लाख डॉलर जमवणाऱ्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं की परतलेल्या टीममध्ये कोण खेळणार आहे. त्यांनी पैसे दिले ते शुक्रवारी रात्री रिंकचे दिवे लागावेत म्हणून.

आता काय बदलतंय?

टीम विरघळण्याचा वेग वाढतोय. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. शिवाय कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना पूर्वी कॉलेज हॉकीचे दरवाजे बंद होते, कारण त्यांना व्यावसायिक समजलं जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठवायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२५ पासून ते अमलात आलं. २०२६ च्या ड्राफ्टमधला अव्वल दावेदार मानला जाणारा गॅव्हिन मॅकेना याच वाटेने पेन स्टेटला आला.

यावर चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. एक गट म्हणतो, मुलांच्या जिवावर युनिव्हर्सिटी तिकिटं विकते, मग मुलांना पैसे आणि स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे. दर्जाही वाढेल. दुसरा गट म्हणतो, चार वर्षं डोळ्यांसमोर घडलेला खेळाडू हीच या खेळाची गोडी होती. पहिल्या वर्षी धडपडणारा पोरगा चौथ्या वर्षी कॅप्टन होतो, तेव्हा सीनियर नाइटला डोळ्यांत पाणी येतं. एका वर्षासाठी आलेल्या पाहुण्याला निरोप देताना ते कसं येणार? श्रीमंत आणि छोट्या कॉलेजांतली दरी रुंदावेल ही भीतीही खोटी नाही.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आणि जुन्या पद्धतीच्या बाजूने एक खेळातला मुद्दाही आहे. २०२३ ला मिनेसोटाच्या तरुण स्टार्सना हरवणारी क्विनिपियाक ही वयाने मोठ्या, बराच काळ एकत्र खेळलेल्या मुलांची टीम होती. एकमेकांच्या सवयी माहीत असणं हेही कौशल्यच आहे, आणि त्याला वेळ लागतो.

जिंकणाऱ्यांचं काय?

शेवटी त्या एका टीमकडे बघू, जिचा सीझन विजयाने संपतो. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावची वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटी १९७० च्या दशकापासून या स्तरावर हॉकी खेळत होती. राष्ट्रीय स्पर्धेतली पहिली मॅच त्यांनी जिंकली ती थेट २०२२ मध्ये. २०२५ ला ते पहिल्यांदा फ्रोझन फोरमध्ये पोचले. सेमीफायनलमध्ये समोर डेन्व्हर, म्हणजे दहा विजेतेपदांसह सगळ्यात यशस्वी आणि आदल्या वर्षीची चॅम्पियन टीम. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ओवेन मायकल्सने गोल मारून ती मॅच ३-२ ने जिंकून दिली. १२ एप्रिलला सेंट लुईसमधल्या फायनलमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीचा ६-२ ने पराभव झाला. पन्नासेक वर्षांची प्रतीक्षा संपली.

काही दिवसांतच त्यांचा आघाडीचा खेळाडू ॲलेक्स बम्प याने फिलाडेल्फिया फ्लायर्सशी करार केला. सीनियर्स पदवी घेऊन बाहेर पडले. चॅम्पियन टीमसुद्धा विरघळली, हरलेल्या पंधरा टीम्ससारखीच.

फरक एवढाच की कॅलमझूच्या रिंकमध्ये आता छताला एक झेंडा लटकलेला असणार आहे, त्यावर २०२५ लिहिलेलं. दहा वर्षांनी तिथे येणारा नवा विद्यार्थी वर बघून विचारेल, त्या वर्षी काय झालं होतं? शेजारच्या खुर्चीतलं कुणीतरी डेन्व्हरविरुद्धच्या त्या रात्रीपासून सांगायला सुरुवात करेल. तेवढ्यात समोर गोल होईल आणि दोघं मिळून गोलकीपरला ‘चाळणी’ म्हणायला उठतील.